मदत हवी आहे: स्टॅटिनमुळे पाय दुखतात का, हे एकाच रुग्णापुरती चाचणी करून ठरवता येईल का?

नमस्कार मंडळी,

बाबा ६८ वर्षांचे, नाशिकला असतात. काही वर्षांपूर्वी स्टेंट बसवला, तेव्हापासून ॲटोर्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी) चालू होती. मांड्या-पोटऱ्या दुखतात म्हणून त्यांनी गोळी बंद केली. सीपीके (स्नायूंना इजा झाली आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड, डी व्हिटॅमिन सगळं नॉर्मल. गोळी बदलून रोझुव्हास्टॅटिन ही दुसरी स्टॅटिन दिली, तरी तक्रार तीच. डॉक्टर म्हणतात गोळी सोडणं धोक्याचं. बाबा म्हणतात, "दुखतंय ते मला." मला दोघांचंही पटतं.

वाचता वाचता 'एन-ऑफ-वन' चाचणी सापडली. रुग्ण एकच. काही काळ खरं औषध, काही काळ हुबेहूब तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा आणि तो रुग्णालाही माहीत नसतो, डॉक्टरांनाही नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गॉर्डन गायट यांनी १९८६ मध्ये ही पद्धत मांडली होती.

स्टॅटिनबाबत लंडनच्या इंपीरियल कॉलेजने नेमकं हेच केलं (सॅमसन चाचणी, २०२०). त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले ६० जण, प्रत्येकाला वर्षभरासाठी १२ बाटल्या: चारांत ॲटोर्व्हास्टॅटिन २० मिग्रॅ, चारांत बिनऔषधी गोळ्या, चार चक्क रिकाम्या. रोज मोबाइलवर त्रासाला ० ते १०० गुण द्यायचे. सरासरी आली ती अशी: रिकाम्या महिन्यांत ८, बिनऔषधी गोळीला १५.४, स्टॅटिनला १६.३. मला त्या रिकाम्या बाटल्याच सगळ्यात मोलाच्या वाटतात. त्या नसत्या तर गोळी घेण्यानेच वाढणारं दुखणं आणि एरवीचं वयाचं दुखणं वेगळं काढताच आलं नसतं. आणि त्रास खोटा नव्हता, हेही त्यातूनच दिसतं. "मनाचे खेळ आहेत" म्हणून बाबांना गप्प करणाऱ्या नातेवाइकांना मी हे आकडे दाखवले आहेत. चाचणीनंतर निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली.

पण ही साठ जणांची सरासरी झाली. बाबांना खरोखर स्टॅटिनचाच त्रास असू शकतो, म्हणून त्यांचे स्वतःचे आकडे हवेत. बाबा तयार आहेत, सगळं समजून घेऊन. आमचे फिजिशियनही तयार आहेत, पण अडचणी अशा:

एक, कॅप्सूल. गोळी कॅप्सूलमध्ये घालून, दुसऱ्या तशाच कॅप्सूलमध्ये नुसतं लॅक्टोज भरून कोण देईल? केमिस्ट नाही म्हणाले. एखाद्या फार्मसी कॉलेजमध्ये किंवा मोठ्या हॉस्पिटलच्या फार्मसीत हे होतं का? फक्त बाबांच्याच उपचारासाठी असलं तरी एथिक्स कमिटीची परवानगी लागते का?

दुसरी अडचण जास्त काळजीची. सॅमसनसारखं केलं तर वर्षातले आठ महिने स्टॅटिनशिवाय जातील, आणि स्टेंटवाल्या माणसाला ते परवडणारं नाही. फिजिशियन म्हणतात, एझेटिमाइब (कोलेस्टेरॉल कमी करणारी, पण स्टॅटिन नसलेली गोळी) सगळ्या टप्प्यांत चालू ठेवू आणि टप्पे लहान करू. पण लहान म्हणजे किती? दुखणं सुरू व्हायला आणि ओसरायला वेळ लागतो, टप्पा फार आखूड केला तर आधीच्या गोळीचा परिणाम पुढच्यात मिसळेल. इथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी किंवा फार्माकॉलॉजीवाल्यांनी यावर जरूर लिहावं.

क्रमाची यादी माझी बहीण पुण्यात बंद पाकिटात ठेवेल. काही झालंच तर ती लगेच डॉक्टरांना क्रम सांगेल.

कळकळीची विनंती, स्टॅटिन चांगली की वाईट हा वाद इथे नको, लसूण-अर्जुनसालही नको. नाशिक, पुणे, मुंबईत कुणी अशी चाचणी केली असेल, किंवा कॅप्सूल भरून देणारं कुणी माहीत असेल, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बाबांची पुढची अपॉइंटमेंट पंधरा दिवसांनी आहे, तोवर आराखडा डॉक्टरांपुढे ठेवायचा आहे.