गाडीत लावायचे सुटे जीपीएस यंत्र : आपला अनुभव काय?

घर बदलताना माळ्यावरच्या खोक्यात माझे २०१० साली घेतलेले जीपीएस यंत्र सापडले. काचेला चिकटवायचा सक्शन कप आणि लायटरच्या सॉकेटात बसणारी वायरही सोबत जशीच्या तशी होती. चार्ज करून ते गच्चीत नेले, तर दहा मिनिटे झाली तरी त्याला उपग्रह सापडेनात. बिघडले असे समजून मी खाली उतरणार तोच पडद्यावर आमच्या पुण्यातील गल्लीचे नाव उमटले. इतकी वर्षे बंद राहिलेल्या यंत्राजवळची उपग्रहांच्या जागांची माहिती शिळी झालेली असते. ती उपग्रहाकडून सेकंदाला अवघ्या ५० बिट या वेगाने पुन्हा मिळवावी लागते आणि सगळी यादी पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटे लागतात, त्यामुळे हा उशीर रास्तच होता.

त्याच संध्याकाळी ते गाडीत लावून चांदणी चौकाकडे गेलो. तेथील जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला गेला आणि नव्या रस्त्यांचे जाळे ऑगस्ट २०२३ मध्ये खुले झाले, परंतु यंत्रातला चौक २०१३ सालचा होता. गाडीचा बाण बरोबर होता, रस्ते मात्र नाहीसे झालेले होते. माझे पूर्वीपासूनचे मत त्यामुळे अधिक पक्के झाले. ही यंत्रे स्वतः फारशी चुकत नसत, चुकत असे तो नकाशा, आणि आपल्या यंत्रातला नकाशा कोणत्या वर्षाचा आहे हे ज्या मालकाला ठाऊक असे त्यालाच त्यांचा खरा उपयोग होत असे.

अमेरिकेने जीपीएस उपग्रहांच्या नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली. तोवर जागा सुमारे शंभर मीटरने चुकू शकत असल्यामुळे गाडीत असे यंत्र लावण्यात फारसा अर्थ नव्हता. पुढे टॉमटॉम, गार्मिन, मॅपमायइंडिया यांची यंत्रे आपल्यापैकी अनेकांनी घेतली. आपण कोणत्या वर्षी घेतले, ते कुठे उपयोगी पडले आणि कुठे त्याने अडचणीत आणले, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. मोबाइलवरील नकाशांचे अनुभव कृपया येथे नकोत.

ठाण्याहून

माझा अनुभव यंत्राच्या नव्हे, माझ्याच चुकीचा आहे, पण तो सांगितलाच पाहिजे, कारण अशी चूक करणारे गिर्यारोहक मी नंतरही पाहिले. २०११ च्या डिसेंबरमध्ये आम्ही चौघे हरिश्चंद्रगडासाठी पहाटे निघालो होतो. माळशेज घाट चढून खिरेश्वरला जायचे असे ठरले होते. गाडी चालवणारा त्या बाजूला नवखा होता, म्हणून एका मित्राने कागदावर लिहून दिलेले गडाचे निर्देशांक मी यंत्रात भरले : १९ अंश २३ मिनिटे उत्तर, ७३ अंश ४७ मिनिटे पूर्व. यंत्राची मांडणी दशांश अंशांची होती आणि मी १९.२३ व ७३.४७ असे आकडे टाकले.

मुरबाड सोडून थोडेच अंतर गेलो असू, तोच ‘मुक्कामाचे ठिकाण आले’ अशी घोषणा झाली. दोन्ही बाजूंना अंधारात भाताची कापलेली खाचरे होती. यंत्राला उपग्रह नीट मिळत नसावेत असे समजून आम्ही ते दोनदा बंद करून सुरू केले. शेवटी एका टपरीवाल्या काकांनी गड अजून कितीतरी पुढे, घाटमाथ्यावर असल्याचे सांगितले, तेव्हा कुठे डोळे उघडले. एका अंशात ६० मिनिटे असतात, म्हणून २३ मिनिटे म्हणजे ०.२३ नव्हे तर ०.३८ अंश होतात आणि ४७ मिनिटे म्हणजे ०.७८ अंश. एक अक्षांश सुमारे १११ किलोमीटरचा, त्यामुळे माझ्या चुकीने गड दक्षिणेला १७ आणि पश्चिमेला ३३ किलोमीटर सरकला होता. आम्ही वाटेवरच होतो म्हणून निभावले. दिशा उलट असती तर दिवस वाया गेला असता. तेव्हापासून आकडे भरण्यापूर्वी मांडणी कोणती आहे हे पाहतो, आणि दुसऱ्याला देताना अंश, मिनिटे हे शब्द अक्षरांत लिहून देतो.

एडिसन, न्यू जर्सी येथून

मी २००९ मध्ये लग्नानंतर येथे आले, तेव्हा कोल्हापुरात स्कूटर चालवण्यापलीकडे मला काही येत नव्हते. परवाना मिळाला तरी एकटीने गाडी काढण्याचे धाडस होत नसे, कारण येथे रस्ता चुकल्यावर थांबून विचारायला रस्त्यावर माणूसच नसतो. यजमानांनी वाढदिवसाला यंत्र आणून दिले आणि पहिल्या दिवशी मी केवळ भाजीच्या दुकानापर्यंत जाऊन आले. माझे वळण तीनदा चुकले. तिन्ही वेळा यंत्राने त्याच संथ आवाजात नवा मार्ग मोजून सांगितला, त्यात रागाचा लवलेशही नव्हता, आणि शेजारी बसून शिकवणाऱ्या घरच्या माणसाकडून जे मिळाले नव्हते ते मला त्या आवाजाकडून मिळाले.

येथे एक अडचण होती, ती न्यू जर्सीतील मराठी मंडळींना लगेच कळेल. आमच्या रूट १ सारख्या रस्त्यांवर अनेक चौकांत डावीकडे वळायचे असेल तर आधी उजवीकडे बाहेर पडून, कपाच्या कानासारख्या वळणाने फिरून आडव्या रस्त्याला यावे लागते. ‘पुढे डावीकडे वळा’ एवढेच ऐकून मी डावी लेन धरत असे आणि चौकात आल्यावर डावे वळण बंद असल्याची पाटी दिसे. पुढे मी आवाजापेक्षा पडद्यावरची जांभळी रेषा पाहू लागले, कारण रेषा आधी उजवीकडे वाकलेली दिसत असे.

मॅनहॅटनमध्ये मात्र त्याची मदत घेणे आम्ही सोडून दिले. लिंकन बोगद्यात संदेश तुटे, हे समजण्यासारखे होते. परंतु बाहेर आल्यावरही उंच इमारतींवर आपटून येणाऱ्या लहरींमुळे आमची गाडी क्षणात शेजारच्या रस्त्यावर उडी मारे, आणि तेथील बहुतेक रस्ते एकेरी असल्याने दिलेली सूचना नेमकी उलट ठरे. तेथे रस्त्यांना क्रमांक आहेत, तेच मोजत आम्ही जात असू.

त्या यंत्राने मला या देशात पाय रोवायला मदत केली, असे मी मनापासून म्हणते. आईबाबा आले तेव्हा त्यांना विमानतळावरून मी एकटीने घरी आणले.

लेस्टर, इंग्लंड येथून

पोस्टकोड टाकला की यंत्र थेट त्या गल्लीत नेऊन सोडते, ही येथील मोठी सोय होती. माझी एकच सूचना आहे. यंत्र काढून घरी नेले तरी काचेवर कपाचा गोल डाग राहतो. त्या डागावरून आत यंत्र असावे असे वाटून माझ्या गाडीची काच फोडली गेली. डॅशबोर्डच्या कप्प्यात यंत्र नव्हते, त्यामुळे नुकसान काचेपुरतेच झाले. त्यानंतर मी गाडी सोडताना काच पुसत असे, आणि यंत्र चोरीला गेले तरी पत्ता कळू नये म्हणून ‘घर’ या खुणेत स्वतःच्या घराऐवजी कोपऱ्यावरचे टपाल कार्यालय भरून ठेवले.

मुंबईहून

आमचा अनुभव कोकणातला आहे. २०१२ च्या मे महिन्यात आम्ही गुहागरहून दापोलीला निघालो. यंत्रात ‘सर्वांत जवळचा मार्ग’ हा पर्याय निवडलेला होता, म्हणून त्याने आम्हाला धोपाव्याला नेले. नकाशात खाडीवरून दाभोळपर्यंत रेषा होती आणि रेषा म्हणजे रस्ता, असे आम्ही गृहीत धरले. प्रत्यक्षात तेथे गाड्या वाहून नेणारी फेरीबोट चालते, आणि आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती व शेवटची बोट निघून गेली होती. समोर दाभोळचे दिवे दिसत होते. तेथून चिपळूण आणि खेड करून दापोली गाठण्यासाठी शंभराहून अधिक किलोमीटर फिरावे लागले, आणि सासूबाईंना गाडी लागत असल्याने तो प्रवास फार जड गेला.

घरी येऊन पुस्तिका वाचली, तेव्हा टाळायच्या गोष्टींच्या यादीत टोल आणि कच्चा रस्ता यांच्याबरोबर फेरीबोटही असल्याचे दिसले. ती आधी वाचली असती तर बरे झाले असते. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये बदलले, तरी आमचे यंत्र पुढे कित्येक वर्षे गोवा महामार्गाला १७ च म्हणत राहिले, आणि फलकावर ६६ दिसले की गाडीत वाद होत असे.

नागपूरहून

आमच्याकडच्या उन्हाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की सक्शन कपाचे रबर सैल पडून यंत्र पायाशी येई. कप कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून लावला की धरून राही. बॅटरीला मात्र उपाय नव्हता. तिसऱ्या उन्हाळ्यात ती फुगून पडद्याची कड उचलली गेली, तेव्हा मी यंत्र वापरणे ताबडतोब थांबवले आणि ती ओळखीच्या दुकानातून बदलून घेतली. अशी फुगलेली बॅटरी कोणीही दाबून आत बसवू नये, तिला आग लागू शकते.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा जुनेच यंत्र घेऊन गेलो. बाण दिवसभर कोऱ्या जागेतून धावत होता आणि खालून आडवा रस्ता गेला की ‘डावीकडे वळा’ असे सांगत होता. सूचना निरुपयोगी असल्या तरी वेग आणि पुढचे गाव किती लांब आहे हे दिसत राहिले.

नाशिकहून

मी प्रवासी गाडी चालवतो. २०११ मध्ये गाडीसोबत यंत्र घेतले, तेव्हा त्याला उपग्रह पकडायला फार वेळ लागे आणि मी दुकानदाराशी दोनदा बोललोही. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१२ च्या आदेशानंतर काचांवरची काळी फिल्म काढावी लागली, आणि दुसऱ्याच दिवशी यंत्र मिनिटभरात जागेवर येऊ लागले. माझी फिल्म धातूचा थर असलेली होती, तीच संदेश अडवत होती.

एप्रिल २०१९ मध्ये तारीख एकाएकी १९९९ ची दिसू लागली. उपग्रह आठवड्यांचा क्रमांक ० ते १०२३ असाच मोजतात आणि तो संपला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो, हे मला एका अभियंता प्रवाशाने समजावून सांगितले. रस्ता दाखवण्यात मात्र फरक पडला नाही.

भंडारदऱ्याहून घाटघरकडे किंवा साल्हेरच्या बाजूला जाताना फोनचे नेटवर्क जाते, म्हणून ते आजही माझ्या गाडीत असते. नकाशा अर्थातच जुना आहे. माझ्या उपयोगाची आहेत ती मी स्वतः नोंदवलेली ठिकाणे : रात्री उघडा असणारा पेट्रोलपंप, पंक्चर काढणारा, स्वच्छ शौचालय असलेली खानावळ, पावसात पाणी चढते तो फरशीपूल. अशी दोनशेच्या वर ठिकाणे बारा वर्षांत जमली आहेत. ती संगणकावर उतरवून मुलाला द्यायची आहेत, तोही हाच व्यवसाय करणार आहे, परंतु यंत्राची वायर हरवली आहे आणि आता दुकानांत मिळते ती त्यात बसत नाही.

धागाकर्त्याकडून, नाशिकच्या दादांसाठी

दादा, आपल्याला पाच पिनांची मिनी यूएसबी वायर लागेल, हल्लीच्या फोनची नव्हे. माझ्या खोक्यात तशा दोन निघाल्या आहेत, त्यांतील एक आपल्याला पाठवतो. संगणकाला जोडल्यावर यंत्र पेनड्राइव्हसारखे दिसेल आणि जतन केलेली ठिकाणे बहुधा जीपीएक्स या प्रकारच्या फाइलमध्ये असतील. काहीही पुसण्यापूर्वी ती फाइल दोन जागी उतरवून ठेवावी, आणि नकाशा अपडेट करण्याचा विचार असेल तर तो त्यानंतरच करावा.