एकाच एपिसोडच्या तीन कॉप्या: हे नियामक एकमेकांशी बोलतात तरी का?

रात्रपाळी_ऐरोली

नमस्कार मंडळी. कळव्याला राहते, ऐरोलीत कम्प्लायन्सचं काम करते. म्हणजे काय, हे घरी अजून धड सांगता आलेलं नाही. आई शेजारणीला सांगते, "टीव्हीवरचं वाईट वाईट कापते." इथे लागून गेलेल्या मालिका ब्रिटन आणि आखाताच्या फीडसाठी, म्हणजे त्याच चॅनेलच्या तिकडच्या प्रक्षेपणासाठी, तपासून, दुरुस्त करून देतो आम्ही.

काल रात्रीचं ऐका. बावीस मिनिटांचा एपिसोड. सून उंबरठ्यावर, सासूला कळतं ती कोण आहे. कडाड वीज. प्रत्येक चेहऱ्यावर तीनदा वीज, आणि घरात माणसं अकरा. आता ब्रिटनच्या फीडला फ्लॅशची टेस्ट लागते, म्हणजे भराभर लुकलुकणाऱ्या प्रकाशानं कुणाला फिट येऊ नये म्हणून, त्यात हा सपशेल नापास. एकेक शॉट गडद करत पहाटेचे साडेचार वाजले. त्यात मामा विडी ओढतात. भारतात खाली तंबाखूचा इशारा हवाच, तिकडे तसा नियम नाही म्हणून क्लायंटला ती पट्टी नको. पण ती चित्रावर पक्की बसलेली, म्हणजे स्वच्छ कॉपीसाठी पुन्हा मेल. मग मसाल्याचं पाकीट. काकू ते कॅमेऱ्यासमोर धरून सहा सेकंद हसतात. ब्रिटनमध्ये एखादा माल उगाच ठळक दाखवलेला चालत नाही, ब्लर. आखाताची यादी आणखी निराळी, तिथे दारूचा पेला ब्लर आणि पाकीट राहिलं तरी चालतं.

माझा प्रश्न साधा आहे. ब्रिटनचं टीव्हीवर लक्ष ठेवणारं ऑफकॉम, आपलं दूरसंचार नियामक ट्राय, बाकीचे असतील ते, सगळे एकत्र बसून एकच सर्टिफिकेट का काढत नाहीत? पासपोर्टसारखं. एकदा शिक्का बसला की कुठेही दाखवा.

दुसरं, माझी मावसबहीण लेस्टरला असते. एका हिंदी न्यूज चॅनेलवरच्या चर्चेनं आम्ही दोघीही भडकलो, तिनं तिकडे पाहिली, मी इकडे. दोघींची मिळून एकच तक्रार करता येते का?

कोपरी_केबल

ट्रायला लिहा ताई. आमच्या नावानं लोक तिथेच लिहितात 😀

जुना_अपलिंक_वाशी

कोपरीकर, तुमच्या नावानं लिहितात ते पॅकच्या दरासाठी. २००४ पासून प्रसारण ट्रायकडे आहे ते दर, जोडणी, सेवेचा दर्जा यांपुरतं. पडद्यावर कोण काय बोललं हे ते बघत नाहीत. तो विषय १९९५ च्या केबल कायद्याखाली माहिती व प्रसारण मंत्रालयाचा. २०२१ पासून तक्रारीच्या तीन पायऱ्या आहेत: आधी चॅनेलला लिहायचं, त्यांना १५ दिवस. समाधान नाही झालं तर चॅनेलवाल्यांचीच स्वनियमन संस्था, आणि शेवटी मंत्रालय.

तुमच्या पासपोर्टच्या कल्पनेत इथेच पहिली ठेच लागते. ऑफकॉमसमोर भारताकडून बसायचं कोणी? ट्राय दक्षिण आशियाई दूरसंचार नियामकांच्या परिषदेत १९९७ पासून जातं, पण तिथली बोलणी स्पेक्ट्रमची वगैरे. सासूच्या विजेची नव्हेत.

आता पासपोर्ट. तो आहे, पण युरोपात. १९८९ च्या निर्देशापासून तिथे मूळ देशाचं तत्त्व चालतं. युरोपियन युनियनच्या एका सदस्य देशाचं लायसन्स घेतलं की चॅनेल सगळीकडे दाखवता येतं, आणि लक्ष ठेवायचं काम लायसन्स देणाऱ्या देशाचं. नियामकांचं 'एपरा' नावाचं व्यासपीठ १९९५ पासून आहे, वर्षातून दोनदा भेटतात. शिवाय २०१४ पासून 'एर्गा' हा युरोपियन युनियनचा अधिकृत गट होता, त्याची जागा २०२५ मध्ये नव्या मंडळानं घेतली. पण हे सगळं जमतं कारण मुळात कायद्याची चौकट एक आहे. आधी चौकट, मग बैठका. आपल्याकडे लोकांना वाटतं बैठका घेतल्या की चौकट होते.

आणि पासपोर्ट असला की घोळ कसा होतो तेही बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऑफकॉमनं सीजीटीएन या चीनच्या सरकारी इंग्रजी वृत्तवाहिनीचं लायसन्स रद्द केलं, कारण ज्या कंपनीच्या नावावर ते होतं तिच्या हातात संपादकीय ताबाच नव्हता. जर्मनीत ते ब्रिटनच्याच लायसन्सवर चालायचं, तिथेही पडदा काळा. महिन्याभरात फ्रान्सच्या नियामकानं सांगितलं, उपग्रह आमच्याकडचा, तेव्हा हे चॅनेल आमच्या अखत्यारीत. ब्रिटन तोवर युनियनमधून बाहेर पडला होता, पण युरोप परिषदेच्या (ही युनियनहून वेगळी संघटना) १९८९ च्या टीव्ही करारात होताच, आणि त्यातही एका देशाच्या अखत्यारीतलं चॅनेल दुसऱ्यानं सहसा अडवायचं नसतं. त्यामुळे ज्यांनी पुढच्या दारानं घालवलं त्यांच्याच घरात चॅनेल मागच्या दारानं परत यायला मोकळं. यात कोणी नियम मोडला असं नाही, प्रत्येकानं आपापला कागद बरोबर वाचला.

रात्रपाळी_ऐरोली

म्हणजे शिक्का एकच असता तर माझं काम वाचलं असतं, पण चुकीचा शिक्काही सगळीकडे चालला असता. हे डोक्यात आलं नव्हतं. तरी फ्लॅशचं पटत नाही. वीज ती वीज. लेस्टरच्या माणसाचे डोळे काय वेगळे असतात?

महापे_क्यूसी

ताई, नेमकं तेच एक प्रकरण आहे ज्यात सगळे बोलले!

१९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश भराभर लुकलुकला आणि शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. ब्रिटनमध्ये फ्लॅशचे नियम त्याआधीच होते, जपाननं त्यांच्याच धर्तीवर आपले केले. पुढे २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं जगासाठी शिफारस काढली, बीटी १७०२. सेकंदाला तीनपेक्षा जास्त फ्लॅश नकोत, पडद्याचा पाव भाग ओलांडायला नको, लाल रंगाला जास्त जपा. मेंदू सगळीकडे सारखाच, म्हणून एकमत झालं. पण ती शिफारस आहे. ऑफकॉमनं आपल्या संहितेत घातलीय, म्हणून तुम्ही जागता.

पाकीट, विडी, दारू यावर एकमत होईल असं मला वाटत नाही. माझ्या आईचं आणि आजीचं होत नाही.

जुना_अपलिंक_वाशी

तक्रारीचं राहिलंच. एकत्र होत नाही, कारण लायसन्सं दोन. बहिणीनं थेट ऑफकॉमकडे करावी, प्रसारणापासून कामाच्या २० दिवसांत. तुम्ही इथे चॅनेलला लिहा. दोन्हीकडे कार्यक्रमाची तारीख आणि वेळ नेमकी द्या. रेकॉर्डिंग तिकडे ६० दिवस ठेवावं लागतं, आपल्याकडे ९०, तेव्हा ते मिळेल. आणि धीर धरा. सप्टेंबर २०१९ च्या एका चर्चेसाठी ब्रिटनमधल्या एका हिंदी वृत्तवाहिनीच्या लायसन्सधारकाला २०,००० पाउंड दंड झाला तो डिसेंबर २०२० मध्ये. मात्र तो हुकूम तिथल्या फीडपुरता, इथल्या प्रेक्षकाला त्याचा काही उपयोग नाही.

कोपरी_केबल

२०,००० पाउंड! आणि आमच्याकडे बॉक्स बंद पडला तर लोक जिन्यातच गाठतात.

रात्रपाळी_ऐरोली

बहिणीला सगळं पाठवलं. तिचे कामाचे अकरा दिवस उरलेत, ती म्हणते रविवारी लिहीन. माझं चॅनेलला लिहून झालं, त्यांचं आपोआप उत्तर आलं की आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

निघते, पिकअप खाली आलीय. आज दोन तासांचा महाएपिसोड आहे, घरात लग्न आहे म्हणे.