नाण्यांची प्रदर्शनं: रविवारी येणाऱ्याने नुसतं बघून परत जायचं का?

कृष्णाकाठ

परवा रविवारी पहाटेची एसटी धरून कराडहून पुण्याला गेलो. नाण्यांचं प्रदर्शन होतं, शुक्रवार ते रविवार. शुक्रवार-शनिवार मला सुटी नाही, त्यामुळे माझ्या नशिबी कायम तिसरा दिवस. साडेदहाला हॉलवर पोचलो.

माझा विषय शिवराई, शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', एवढाच मजकूर. पण कुठे 'शिव', कुठे दंत्य 'सिव', कुठे ऱ्हस्व 'ति', कुठे दीर्घ 'ती'. हे फरक शोधायचे तर एकेक नाणं भिंगाखाली धरावं लागतं, ढीग उपसावे लागतात. ओळखीच्या विक्रेत्याला विचारलं, या वेळी काय आणलंय? तर म्हणतो, "आणलं होतं की, दोन-अडीचशे शिवराया. शुक्रवारी टेबल मांडत असतानाच समोरच्याने डबा उचलला." म्हणजे लोकांना दार उघडायच्या आधी! आणि तो समोरचा त्यातल्या वेचक दहा शिवराया पाकिटात घालून तिप्पट भावाने विकत बसलेला. बाकी उरल्या होत्या त्या दुदांडी (नंतरच्या काळातल्या, सर्रास मिळणाऱ्या शिवराया), घासून गुळगुळीत झालेल्या.

अडीच वाजता लोक टेबलं आवरायला लागले. जाहिरातीत वेळ संध्याकाळी सातपर्यंतची.

त्यात तारखांचा घोळ वेगळाच. गेल्या वर्षी दोन शहरांतली प्रदर्शनं एकाच शनिवार-रविवारी आली. निम्मे विक्रेते इकडे, निम्मे तिकडे, दोन्हीकडे अर्धी टेबलं रिकामी. वर्षाच्या सुरुवातीला प्रदर्शनं भरवणाऱ्या चार मंडळांनी एकमेकांना फोन करून तारखा वाटून घ्यायला काय हरकत आहे? आणि माल सगळ्यांसमोर एकाच वेळी उघडा. नाहीतर जाहिरातीत 'सर्वांसाठी खुले' असं छापू नका.

अंकुशी_रुपया

मी टेबलामागे बसणारा माणूस. तो डबा उचलणारा मी नव्हे, पण दिसला असता तर उचलला असता.

साहेब, तुम्हाला अडीचशेतल्या दहा हव्यात. त्या निवडून तुम्ही निघून गेलात की उरलेल्या दोनशे चाळीस मी घेऊन कुठे जाऊ? डबा घेणारा चांगलं-वाईट सगळं घेतो, रोख देतो, निवडायची कटकट अंगावर घेतो. तिप्पट भाव त्या निवडण्याचाच आहे. टेबलाचं भाडं, दोन रात्रींची खोली, मदतीचा पोरगा आणि तांब्याच्या पिशव्या रेल्वेने वाहायच्या, एवढा सगळा खर्च शुक्रवारच्या आपापसातल्या व्यवहारातून निघतो. तो निघाला नाही तर पुढच्या वर्षी मी येणारच नाही. मग तुम्ही रविवारी या की सोमवारी, हॉलमध्ये टेबलच नसेल.

आणि रविवारची गर्दी कसली असते सांगू? शंभरातले साठ जण विकायला आलेले. "वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे, दहा लाख मिळतात म्हणे." "शेवटी ७८६ असलेली नोट आहे." ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून बजावलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आमच्या नावाने कुणी फी मागितली तर देऊ नका, तरी लोक मोबाईल पुढे करतात. त्यांना समजावून सांगण्यात दुपार जाते. अडीचला आवरायला घेतलं कारण चारची गाडी होती. आमच्याही घरी कुणीतरी वाट बघतं.

भोकाचा_पैसा

अंकुशी, तुमचा हिशेब पटला. पण मग तसं छापा ना! 'शुक्रवार दुपारपर्यंत फक्त व्यापाऱ्यांसाठी.' कुणी काही म्हणणार नाही. तीन दिवस खुलं म्हणायचं आणि पहिल्या तासाआधीच साय काढून घ्यायची, राग त्याचा येतो.

दुसरं म्हणजे, रविवारच्या माणसाच्या वाट्याला नुसता उरलेला माल येतो असं नाही, खोटाही येतो. शुक्रवारी टेबलापलीकडे जाणकार असतो, त्याला ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेला खोटा राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया) दाखवायची कुणाची छाती नाही. रविवारी लक्ष्मीपूजनासाठी चांदीचा रुपया घ्यायला आलेल्या काकूंना तोच खपतो. अस्सल राणीछाप ११.६६ ग्रॅमचा, जवळजवळ ९२ टक्के चांदी. आयोजकांनी दाराशी एक वजनकाटा ठेवला तर निम्मा खोटा माल आपोआप पिशवीतच राहील. (हे मी गेली पाच वर्षं सांगतोय. काटा अजून आलेला नाही.)

बाकावरची_बाई

मी सातवीच्या मुलांना घेऊन दरवर्षी जाते, रविवारीच. माझ्या मुलांना शिवराई नको असते हो. त्यांना तो पाच-दहा रुपयांना एक नाणं असा परदेशी नाण्यांचा ढीग पुरतो. या वेळी एका मुलाला १९५७ चा 'नया पैसा' मिळाला. मग मधल्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं, की त्या वर्षी १ एप्रिलपासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले, आणि लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून काही वर्षं पैशाला 'नया' म्हणायचे. पावली, चवली हे शब्द घरी जाऊन आजीला विचारा म्हटलं. दुसऱ्या दिवशी तीन मुलं आजीच्या पेटीतले भोकाचे पैसे घेऊन आली. एवढं पुस्तकातून झालं नसतं.

तेव्हा कृष्णाकाठ, शुक्रवारच्या डब्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण अडीचला आवरण्याबद्दल आहे. आम्ही तीनला पोचलो तेव्हा दोन टेबलांवर चादर घातलेली होती. एका पोराने चादर उचलून आत बघितलं आणि ओरडा खाल्ला. चुकलंच त्याचं, पण बिचाऱ्याने वीस रुपये साठवून आणले होते.

आणि कृपा करून फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेवू नका. परीक्षांच्या तोंडावर कुठलाच पालक सोडत नाही.

मानद_खजिनदार

आमच्या छोट्या मंडळाचं प्रदर्शन मी आठ वर्षं बघतोय (गाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील). तारखा कोण ठरवतं असं वाटतं तुम्हाला? आम्ही? तारखा ठरवतो पंचांग आणि मंगल कार्यालयाचा मॅनेजर.

साठ टेबलं मावतील, गाड्या लावता येतील आणि स्टेशनपासून रिक्षा मिळेल असा हॉल म्हणजे लग्नाचाच हॉल. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू, आणि लग्नवाले वर्षभर आधी पैसे भरून मोकळे. आम्हाला मिळतो तो मुहूर्त नसलेला शनिवार-रविवार. तसे शनिवार-रविवार सगळ्याच गावांत तेच असतात, म्हणून दोन प्रदर्शनं एकमेकांवर आदळतात. पितृपक्षात हॉल निम्म्या भाड्यात मिळतो. एकदा घेतला. तीन दिवस आम्ही एकमेकांना चहा पाजला, कारण पितृपक्षात चांदी घ्यायला कोण येतंय! दसऱ्याच्या पुढे चांदीचा रुपया हातोहात जातो, पण तेव्हा हॉल मागायला जाऊन बघा. बाई, फेब्रुवारी हौसेने घेत नाही आम्ही. तेवढाच उरतो.

फोनवर तारखा वाटून घेण्याचं म्हणाल तर एकदा तेही केलं. चार मंडळं बसली, कागदावर सगळं ठरलं. पुढच्या महिन्यात एकाचा हॉल रद्द झाला आणि कागद संपला.

वजनकाट्याचं मात्र लिहून घेतलंय, भोकाचा पैसा. खरंच.

जर्सीकर

इथे अमेरिकेत सगळं फार शिस्तीचं असेल असं कुणाला वाटत असेल तर एक गंमत सांगतो. फ्लोरिडातलं जानेवारीतलं मोठं प्रदर्शन किंवा ऑगस्टमधलं 'वर्ल्ड्स फेअर ऑफ मनी', त्यांच्या तारखा आणि गाव खूप आधी जाहीर होतात, हे खरं. लोक रजा टाकून, विमानाची तिकिटं काढून ठेवतात. पण व्यापारी आदल्या दिवशी टेबल मांडतात तेव्हा आपापसात तोच उद्योग चालतो, तुमच्याकडच्यासारखाच. काही ठिकाणी तर ज्यादा पैसे भरून लवकर आत जायचा बिल्ला मिळतो. आणि रविवारी टेबलं रिकामी दिसतात ही कुरकुर मी इथे पहिल्या वर्षापासून ऐकतोय. म्हणजे चोरदरवाजा दोन्हीकडे आहे, इथे त्याला तिकीट लावलंय एवढंच.

मी भारतात येतो तेव्हा प्रदर्शन गाठतो, पण बघायलाच. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही. शिवराई हातात घेतो, परत ठेवतो. कृष्णाकाठ, तुम्हाला निदान घरी तरी नेता येते.

बुधवार_रविवार

एवढी चर्चा कशाला? पुण्यात जुना बाजार दर बुधवारी आणि रविवारी भरतो. ना हॉल, ना मुहूर्त, ना बिल्ला. गंजक्या नळांच्या शेजारी गोणपाटावर नाणी पडलेली असतात. ऊन्ह चढायच्या आत जायचं.

भोकाचा_पैसा

जायचं आणि काय आणायचं? तिथल्या दहा 'होनां'पैकी (जुन्या सोन्याच्या नाण्यांपैकी) अकरा खोटे असतात. आणि "शेतात सापडलंय साहेब" असं कुणी कानात सांगितलं तर आणखी जपा. जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून जास्त किमतीचा असला तर कलेक्टरला कळवावा लागतो. १८७८ चा कायदा आहे, अजून लागू आहे.

बुधवार_रविवार

मी गोणपाटावरून गेल्या वर्षी अस्सल चांदवडी (मराठेशाहीतल्या चांदवडच्या टांकसाळीतला) रुपया उचललाय. नजर पाहिजे.

कृष्णाकाठ

हॉलचं मला खरंच माहीत नव्हतं. खजिनदार, पितृपक्षाचा चहा वाचून हसलो, पण वाईटही वाटलं. तारखांबद्दलचे शब्द मागे घेतो.

डब्याबद्दलचे घेत नाही. अंकुशी, 'उरलेल्या दोनशे चाळीस कुठे नेऊ' हा प्रश्न बरोबर आहे. पण हा छंद टिकायचा असेल तर माझ्यासारख्याला कधीतरी ढीग उपसायला मिळाला पाहिजे. दुसऱ्याने निवडून पाकिटात घातलेलं नाणं विकत घेणं म्हणजे सोललेला फणस आणणं. गोड लागतो, पण हाताला चीक लागत नाही.

अंकुशी_रुपया

बरं, ऐका. पुढच्या खेपेला शंभर शिवरायांचा एक डबा न फोडता रविवारपर्यंत ठेवतो. पण त्यातल्या पन्नास घ्यायच्या, आणि न निवडता.

कृष्णाकाठ

न निवडता घ्यायच्या तर एवढ्या लांब येऊ कशाला? वीस घेतो, निवडून.

अंकुशी_रुपया

वीस निवडून, तर भाव दुप्पट.

कृष्णाकाठ

दीडपट. आणि कराडची पहाटेची गाडी साडेदहाला पोचते, त्याआधी डब्याचं झाकण उघडायचं नाही.

बाकावरची_बाई

आणि पाचच्या आधी चादर घालायची नाही.