रशियन ‘नऊ’च्या आरंभी ‘द’ कोठून आला?

अमळनेरकर: भाचा वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात असल्यामुळे मीही हौसेने तेथील अंक पाठ करीत आहे. द्वा, त्री, प्यात्, शेस्त्, द्येस्यात् ही रूपे द्वि, त्रि, पञ्च, षष्, दश यांची सगोत्र आहेत हे सहज ध्यानात येते. परंतु ‘नव’च्या जागी ‘द्येव्यात्’ कसे? शिवाय पाचापासून पुढे वस्तूचे नाम षष्ठी बहुवचनात का जाते?

धुळ्याहून: मुळात तेथे ‘न’च होता. रशियनच्या नात्यातील लिथुएनियन भाषेच्या ‘देवीनी’मध्येही (नऊ) ‘द’ आहे, परंतु त्याच बाल्टिक गटातील लुप्त झालेल्या जुन्या प्रशियन भाषेत ‘नववा’ या अर्थी ‘नेविन्त्स’ असे रूप आढळते. ओळीने मोजताना नऊच्या पाठोपाठ येणाऱ्या दहाचा आद्यवर्ण आधीच्या शब्दाला चिकटला, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. आपल्या ‘एकादशी’तला दीर्घ ‘का’ तरी ‘द्वादश’च्या शेजारामुळेच आलेला आहे.

जळगावकर: अमळनेरकरांचा दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. रशियन ज्या गटातली त्या स्लाव्हिक भाषांत एक ते चार हे शब्द विशेषणासारखे चालत, तर पाच ते दहा ही मुळात स्त्रीलिंगी नामे होती. ‘प्यात्’चे पूर्वरूप आणि संस्कृत ‘पङ्क्ति’ यांची घडण एकच असून ‘पङ्क्ति’चा जुना अर्थ पाचांचा समूह असा आहे, त्या नावाच्या वैदिक छंदाला पाच चरण असतात ते त्यामुळेच. (सात आणि आठ हे क्रमवाचकांवरून घडून नंतर या साच्यात बसले.) तेव्हा ‘प्यात् स्तोलोव्’ म्हणजे अक्षरशः ‘टेबलांचे पंचक’, आणि पंचक म्हटले की षष्ठी आलीच. संस्कृतातही ‘विंशति’पासून ‘नवनवति’पर्यंत हीच स्त्रीलिंगी नामांची रीत आहे. ‘द्वा स्तोला’मध्ये मात्र जुने द्विवचन टिकले असून, ते तीन-चारपर्यंत पसरले आणि आज षष्ठी एकवचनासारखे दिसते, स्लोव्हेनियन भाषेत तर द्विवचन अद्याप जिवंत आहे.

नंदुरबारहून: थोडी भर घालतो. पोलिश आणि चेक भाषांत चाळीस म्हणजे सरळ ‘चार दहा’, परंतु रशियनने ‘सोरक’ हा वेगळाच शब्द घेतला. सेबल या प्राण्याच्या चाळीस कातड्यांच्या गठ्ठ्यालाही जुन्या रशियात हेच नाव होते. स्लाव्हिकने दुसऱ्या भाषेला शब्द दिल्याचे उदाहरण हवे असेल तर रोमानियन पाहावी. ती लॅटिनची लेक, तरी तिचे ‘सूता’, म्हणजे शंभर, हे स्लाव्हिक मानले जाते, आणि अकरासाठी ती ‘दहावर एक’ असेच म्हणते, जशी रशियन म्हणते.