मदत हवी आहे: आर्किटेक्ट टीममध्ये असावा की टीमबाहेर?

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सॉफ्टवेअरच्या ६ टीम आहेत आणि आर्किटेक्ट (सिस्टिमची एकूण रचना ठरवणारे) एकच. ते कोड लिहीत नाहीत, फक्त डिझाइन मंजूर करतात. मंजुरीला दोन-दोन आठवडे लागतात, मग टीम वाट न बघता आपापलं उरकून घेतात.

गेल्या महिन्यात त्याचा फटका बसला. डेटाबेसमध्ये ऑर्डरच्या टेबलमधल्या 'स्टेटस' कॉलममध्ये एका टीमने नवी व्हॅल्यू घातली. तेच टेबल बिलिंगची सर्व्हिस (बिलांचं काम करणारा वेगळा प्रोग्रॅम) थेट वाचते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. रात्रभर बिलं अडकली. दोन सर्व्हिसनी एकच टेबल वापरायचं असं कधी कोणी ठरवलंच नव्हतं, ते आपोआप होत गेलं.

संस्थेत माणसांचा संवाद जसा चालतो तशीच तिच्या सिस्टिमची रचना होते, हे संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच मांडलंय. आमच्याकडे ते उघड दिसतं. ज्या टीम एकमेकींशी बोलत नाहीत, त्यांच्यातलेच इंटरफेस (त्यांच्या सिस्टिम जिथे एकमेकींना जोडतात ते दुवे) सगळ्यात कच्चे. म्हणून आकृत्यांपेक्षा टीमच्या सीमा कुठे आखायच्या, यात आर्किटेक्टने जास्त लक्ष घालावं असं मला मनापासून वाटतं.

निर्णयांच्या छोट्या नोंदी कोडसोबत ठेवायला आम्ही सुरुवात केली: संदर्भ, निर्णय, परिणाम, एवढंच. पण तीन नोंदींनंतर सगळं थंडावलं.

तुमच्याकडे हे टिकलं असेल तर नोंद कोण लिहितं? दुसऱ्या टीमची हरकत आली तर शेवटचा शब्द कोणाचा? आणि असं सामायिक टेबल कोणी वेगळं केलं असेल, तर सुरुवात कुठून केलीत तेही सांगा.