तुरुंगातून थेट पंतप्रधान? किर्गिझस्तानच्या जापारोवची नक्की काय भानगड आहे

अभ्यासिका_नं_७:

मंडळी, एक शंका आहे. माझा मावसभाऊ बिश्केकला, म्हणजे किर्गिझस्तानच्या राजधानीत, एमबीबीएसला आहे, तिसरं वर्ष. २०२४ च्या मे महिन्यात तिथं परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलवर जमाव चालून गेला होता ना, तेव्हा मावशीनं चार दिवस फोन खाली ठेवला नव्हता, आणि त्या नादात मीही त्या देशाबद्दल वाचायला लागलो. तसंही एमपीएससी करतोय तर चालू घडामोडीत उपयोग होईल म्हटलं. तर वाचताना असं दिसलं की तिथले आत्ताचे राष्ट्राध्यक्ष सदिर जापारोव हे ऑक्टोबर २०२० मध्ये साडेअकरा वर्षांची शिक्षा भोगत होते आणि त्याच महिन्यात आधी पंतप्रधान झाले आणि मग हंगामी राष्ट्राध्यक्षही. म्हणजे पंधरवडासुद्धा नाही लागला! हे शक्य कसं आहे? घटना, कायदा, काही आडवं येत नाही का? आणि दुसरं म्हणजे माझ्या नोट्समध्ये शासनप्रमुख म्हणून अकिलबेक जापारोव असं लिहिलंय. हा याचा भाऊ का? जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं.

दिवेलागण:

आधी सोपं संपवतो. भाऊ नाही, काहीच नातं नाही. दोन पाटील दिसले म्हणून आपण चुलते-पुतणे धरत नाही तसंच. आणि अकिलबेक डिसेंबर २०२४ मध्येच गेले, त्यांच्या जागी अदिलबेक कासिमालियेव आले, तेव्हा नोट्स बदल.

आता मुख्य गोष्ट. पंधरवड्यात झालं हे खरं, पण त्याच्या मागची आठ वर्षं बघितली नाहीस तर ती जादू वाटेल.

जापारोव १९६८ चा, इसिक-कुल सरोवराच्या भागातला. २००५ मध्ये खासदार झाला, मग तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बाकीयेव यांच्या गोटात. एप्रिल २०१० मध्ये लोकांनी बाकीयेवला पळवून लावलं, गोळीबारात ऐंशीहून जास्त माणसं गेली, पण हा मात्र अता-जुर्त पक्षातून पुन्हा संसदेत. त्यानंतर त्यानं एकच विषय हातात धरला तो म्हणजे कुमतोर. कुमतोर ही सोन्याची खाण, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या आसपास, तीही त्याच्याच प्रांतात. देशाच्या जीडीपीचा दहा टक्क्यांच्या वर हिस्सा एकटी ही खाण देत होती, चालवायची मात्र सेंटेरा नावाची कॅनडाची कंपनी. १९९८ मध्ये खाणीकडे सायनाइड घेऊन जाणारा ट्रक बार्सकून नदीत पडला होता, ते तिथले लोक अजून विसरलेले नाहीत. त्यामुळे ‘खाण आपल्या ताब्यात घ्या’ म्हटलं की माणसं गोळा व्हायचीच.

३ ऑक्टोबर २०१२ ला त्यानं आणि त्याचा दोस्त कामचिबेक ताशिएव यानं याच मागणीसाठी बिश्केकमध्ये सभा घेतली आणि सभा संपता संपता लोक व्हाइट हाऊसच्या कुंपणावरून आत उड्या मारायला लागले (हे व्हाइट हाऊस बिश्केकचं बरं का, सरकार तेव्हा तिथंच बसायचं). त्याबद्दल शिक्षा झाली, अपिलात काही महिन्यांत सुटले. मग २०१३ च्या ऑक्टोबरात काराकोलमध्ये याच विषयावरच्या आंदोलनात प्रांताच्या गव्हर्नरलाच ओलीस धरलं गेलं. केस जापारोववर आली, तो देशाबाहेर गेला. मार्च २०१७ मध्ये परतताना सीमेवरच धरला आणि तीच ती साडेअकरा वर्षं. केस राजकीय आहे असं तो कायम म्हणत राहिला.

आणि या काळात त्याचे आईवडील गेले, मुलगा गेला. तिथल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही गोष्ट किती फिरली असेल विचार कर. बिश्केकचे इंग्रजी-रशियन बोलणारे पत्रकार त्याला विसरून गेले होते पण गावागावात तो ‘आपल्या सोन्यासाठी आत गेलेला माणूस’ होता.

मार्शरुतका_१०१:

मी तेव्हा तिथंच होतो, चौथ्या वर्षाला. कोरोनामुळे बरीच पोरं आधीच घरी गेलेली, आम्ही मोजके राहिलेलो. ४ ऑक्टोबर २०२० ला संसदेची निवडणूक झाली, १६ पक्ष उभे होते आणि सात टक्क्यांची अट ओलांडून फक्त चार आत आले, त्यातले तीन सरकारच्या बाजूचे. पैसे वाटले ही बोंब तर आमच्या हॉस्टेलची आजीबाईसुद्धा मारत होती. दुसऱ्या दिवशी हरलेले सगळे पक्ष अला-तू चौकात जमले, संध्याकाळी अश्रुधूर वगैरे, आणि सकाळी उठतो तर व्हाइट हाऊस लोकांच्या ताब्यात, माजी राष्ट्राध्यक्ष अतामबायेव तुरुंगाबाहेर आणि जापारोव पण बाहेर. आम्हाला अतामबायेव माहीत होते, जापारोव कोण हे मला किराणावाल्यानं सांगितलं!

एक गोष्ट कुठं फारशी वाचायला मिळत नाही म्हणून सांगतो. २०१० मध्ये दुकानं लुटली गेली होती, त्यामुळे या वेळी रात्रीच पोरांनी हाताला पट्ट्या बांधून गस्त सुरू केली, त्यांना द्रुझिनिकी म्हणतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोघं जण ब्रेड आणि चहा घेऊन उभे असायचे, आम्हाला म्हणायचे आत जा, बाहेर काय बघताय. आम्हीपण आतच बसलो, आईला फोनवर सांगितलं की इथं सगळं शांत आहे, तेव्हा खिडकीतून धूर दिसत होता 😅

दिवेलागण:

@मार्शरुतका_१०१ हे भारी. बरं, @अभ्यासिका तुझा कायद्याचा प्रश्न राहिला, खरी गंमत तिथंच आहे.

६ ऑक्टोबरला निवडणूक आयोगानं निकाल रद्द केला. म्हणजे जुनीच संसद, जिची मुदत संपत आली होती, तिला हातपाय फुटले. त्याच रात्री थोडे खासदार एका हॉटेलात बसले आणि जापारोवला पंतप्रधान ठरवून मोकळे झाले. १२० चं सभागृह, ६१ तरी हवेत, तेवढे नव्हते. मग १० तारखेला सरकारी निवासस्थानी परत बैठक, तिथंही काहींची मतं दुसऱ्यांनीच टाकली अशी तक्रार. राष्ट्राध्यक्ष जीनबेकोव यांनी कागद परत पाठवला, की नीट मतदान करा. १४ ला नीट झालं, त्यांनी सही केली. १५ ला त्यांनीच राजीनामा दिला, आपल्याच लोकांवर गोळ्या झाडणारा राष्ट्राध्यक्ष म्हणून इतिहासात जायचं नाही असं सांगून.

राष्ट्राध्यक्ष गेला की खुर्ची कोणाकडे? घटनेप्रमाणे आधी संसदेच्या सभापतीकडे. सभापती कनातबेक इसायेव म्हणाले, मला नको. मग नंबर पंतप्रधानाचा, म्हणजे कालच झालेल्या जापारोवचा. मधल्या मध्ये जुनी शिक्षाही कोर्टानं उडवली. म्हणजे प्रत्येक पायरीला कुठलं ना कुठलं कलम होतं, फक्त त्या पायऱ्यांच्या खाली चौकात माणसं उभी होती.

खडूस_काका:

कलमं कसली सांगताय राव. खासदार हॉटेलात बसतात, बाहेर त्याचे कार्यकर्ते घोषणा देतायत, ९ तारखेला दुसऱ्या गटाची सभा उधळली जाते, अतामबायेवच्या गाडीवर गोळी चालते, आणि मग सभापतीला एकाएकी ‘नको’ सुचतं. याला आमच्याकडे दमदाटी म्हणतात. बरं, त्या जानेवारी २०२१ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जापारोवला ७९ टक्के मतं मिळाली म्हणून सगळे नाचतात, पण मतदान किती? चाळीस टक्क्यांच्या आत. घरात बसलेले साठ टक्के कोणी मोजले?

दिवेलागण:

काका, दमदाटी नव्हती असं मी म्हटलंच नाही. पण नुसत्या दमदाटीवर ७९ टक्के येत नाहीत, विशेषतः समोर डझनभराच्या वर उमेदवार असताना. अतामबायेव पण त्याच रात्री सुटले होते, त्यांच्यामागे पैसा होता, पक्ष होता, माजी राष्ट्राध्यक्ष म्हणून नाव होतं, आणि चार दिवसांत परत आत गेले. मग जापारोवच का टिकला? माझ्या मते उत्तर कुमतोर हेच. बाकीचे निवडणूक हरले म्हणून चौकात आले होते आणि याच्याकडे आठ वर्षांची एकच मागणी होती जी मेंढपाळालाही समजते.

आणि हो, हंगामी राष्ट्राध्यक्षाला निवडणूक लढवता येत नाही, म्हणून १४ नोव्हेंबरला त्यानं पद सोडलं आणि ते कोणाकडे दिलं? तालांत मामितोवकडे, जो २०१२ च्या त्या कुंपणाच्या केसमध्ये बरोबर होता. आणि ताशिएव तोवर गुप्तचर खात्याचा प्रमुख. म्हणजे २०१२ ची अख्खी टीम सरकारात.

अभ्यासिका_नं_७:

बापरे. पण मग पंतप्रधान म्हणून त्यानं काम काय केलं? एक महिनाच होता ना?

खाणकामगार_ऑनसाइट:

पंतप्रधान म्हणून म्हणशील तर विशेष काही नाही. उलट ते पदच घालवलं! जानेवारी २०२१ मध्ये निवडणुकीबरोबरच सार्वमत घेतलं की अध्यक्षीय पद्धत हवी की संसदीय, लोकांनी अध्यक्षीय म्हटलं, एप्रिलमध्ये नव्या घटनेवर दुसरं सार्वमत, आणि मे २०२१ पासून किर्गिझस्तानात पंतप्रधान हा शब्दच राहिला नाही. उलुकबेक मारिपोव हे शेवटचे पंतप्रधान, तेच नव्या नावानं मंत्रिमंडळाचे अध्यक्ष झाले, म्हणजे कारकुनी कोणी करायची एवढंच ठरलं. खासदार १२० चे ९० केले. २०१० च्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच टर्म होती, कारण २०१० पूर्वीच्या दोघा राष्ट्राध्यक्षांनी खुर्ची सोडायचं नाव घेतलं नव्हतं, तिथं आता पाच-पाच वर्षांच्या दोन. परीक्षेत विचारलं तर राष्ट्रप्रमुख आणि कार्यकारी सत्तेचा प्रमुख दोन्ही जापारोव असंच धर.

कुमतोरचं मी सांगतो, कारण मी खाण क्षेत्रातच आहे (तिथं नव्हे). मे २०२१ मध्ये सरकारनं खाणीवर आपला प्रशासक बसवला, सेंटेरा लवादाकडे धावली, आम्हाला वाटलं आता वीस वर्षं कोर्टबाजी. पण एप्रिल २०२२ मध्ये तडजोड झाली. किर्गिझ सरकारच्या कंपनीकडे सेंटेराचे साधारण २६ टक्के शेअर होते ते त्यांनी परत दिले आणि खाण पूर्ण घेतली. एवढ्या छोट्या देशानं हे इतक्या लवकर सोडवलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. फायदा झाला की तोटा हे त्या शेअरची किंमत तुम्ही काय धरता त्यावर, पण ज्या मागणीसाठी माणूस आत गेला ती त्यानं पुरी केली हे नाकारता येत नाही.

मार्शरुतका_१०१:

आणि केम्पिर-अबाद विसरू नका. उझबेकिस्तानबरोबर सीमा ठरवताना ते धरण त्यांच्याकडे द्यायचं ठरलं, त्याला विरोध करणाऱ्या वीसहून जास्त लोकांना ऑक्टोबर २०२२ मध्ये उचललं. आपली जमीन-आपलं सोनं म्हणत वर आलेला माणूस, आणि आपलं पाणी म्हणणारे आत! जून २०२४ मध्ये कोर्टानं त्यांना सोडलं पण दीड वर्ष गेलंच की. माझ्या तिथल्या मित्राची दोन्ही मतं आहेत, ताजिकिस्तानबरोबरचा सीमेचा करार मार्च २०२५ मध्ये झाला तेव्हा तो जापारोवचं कौतुक करत होता कारण त्या सीमेलगत बात्केनकडे त्याचं आजोळ आहे आणि २०२२ च्या मारामारीत त्यांना घर सोडून पळावं लागलं होतं. आणि त्याच फोनवर हळू आवाजात म्हणाला की बाकीचं भेटलो की बोलू.

खडूस_काका:

हेच ते. हळू आवाजात.

अभ्यासिका_नं_७:

सगळ्यांचे आभार, नोट्समध्ये अकिलबेक खोडला आणि शासनप्रमुखच्या रकान्यात बाण काढून वर राष्ट्रप्रमुखाला जोडला. मावसभावाला हा धागा पाठवला तर त्याचा रिप्लाय आला, ‘दादा हे सगळं मला कशाला, माझी उद्या अ‍ॅनाटॉमीची तोंडी आहे आणि ती पण रशियनमध्ये.’

मार्शरुतका_१०१:

त्याला सांग, प्रोफेसरबाईंना आधी चहाचं विचार, मग हाडं मोजायला लाग. मी तसाच पास झालो.