लेक स्वतः प्रयोग आखते पण सरासरी काढता येत नाही: इन्क्वायरी बेस्ड (मुलांनी प्रश्न विचारून स्वतः शोधत शिकायचं) शिक्षण चुकतंय की आम्ही?

लेक इंटरनॅशनल स्कूलमध्ये सातवीत आहे, आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय बोर्डाचा एमवायपी (११ ते १६ वयाचा मिडल स्कूलचा कार्यक्रम). परवा सायन्सचा रिपोर्ट दाखवला. प्रश्न तिचाच, कुठला कागद पाणी लवकर वर ओढतो. सगळ्या पट्ट्या १५ सेंमीच्या, रुंदी सारखी, एक मिनिट मोजायचं, प्रत्येक कागदाची तीन रीडिंग. मी चाट पडलो, मला हे कॉलेजात कळलं होतं. मग खालचा तक्ता बघितला. ४.७, ५.२, ५.४ आणि सरासरी ५१. पट्टीच मुळी १५ची आणि पाणी चढलं ५१ सेंमी! तिला काहीच खटकलं नाही. मला विचाराल तर पाढे, भागाकार, सराव हे सगळं या "शोध घ्या"च्या नादात मागे पडलंय. तुमचं मत सांगा, भांडलात तरी चालेल.

खडूफळा
+१. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांचा २००६चा पेपर हेच सांगतो, नवशिक्याला कमी मार्गदर्शन देऊन शोधायला सोडलं की डोक्यावरचा भार वाढतो आणि शिकणं कमी होतं. आधी नीट शिकवा मग शोधू द्या.

कुतूहलकाकू
@खडूफळा, त्या पेपरला २००७मध्ये मेलो-सिल्व्हर, डंकन आणि चिन यांनी उत्तर दिलंय तेही वाचा की. मुद्दा असा की इन्क्वायरी म्हणजे मुलांना वाऱ्यावर सोडणं नव्हे, चांगल्या वर्गात बाई पावलोपावली आधार देत असतात. लेकीला पट्ट्यांची रुंदी सारखी ठेवायचं आपोआप सुचलं असेल असं वाटतं का तुम्हाला?

धागाकर्ता
नाही, पहिल्यांदा पट्ट्या वेड्यावाकड्याच कापल्या होत्या. बाईंनी फक्त "सगळ्या सारख्या आहेत का गं?" एवढंच विचारलं, मग हिने सगळं परत केलं. तेवढ्यापुरतं मान्य.

खडूफळा
मग भागाकाराला पण तसं कोणीतरी विचारायला हवं होतं ना! आणि २०१५च्या पिसामध्ये (१५ वर्षांच्या मुलांची अनेक देशांत होणारी चाचणी) ज्या मुलांनी वर्गात असे प्रयोग-चर्चा जास्त होतात असं सांगितलं त्यांचे सायन्सचे गुण सरासरीने कमीच होते.

कुतूहलकाकू
मुलांनी सांगितलं यातच सगळं आलं. वर्ग किती चांगला चालला हे त्यातून कुठे कळतं? नुसता सहसंबंध आहे तो, कारण नव्हे.

दहावर्षं_मास्तरकी
मी एमवायपी शिकवतो म्हणून राहवलं नाही. धागाकर्ते, निकषांचे गुण बघितलेत का? सायन्सला चार निकष असतात, प्रत्येकी ८ पैकी. बी म्हणजे प्रयोग आखणं, सी म्हणजे आकडे हाताळून निष्कर्ष काढणं.

धागाकर्ता
बी ७, सी ३. मी एकूण ग्रेड बघितली आणि पान उलटलं, खोटं कशाला बोलू.

दहावर्षं_मास्तरकी
बघा, म्हणजे शाळेने सांगितलंय तुम्हाला. ५० पैकी ३४ आले असते तर हे दिसलंच नसतं. पण खडूफळा यांचं एक खरं आहे, आमच्यातले कित्येक जण सी ३ लिहितात आणि पुढच्या युनिटला लागतात, कारण स्टेटमेंट ऑफ इन्क्वायरी (युनिटचं मुख्य विधान), ग्लोबल कॉन्टेक्स्ट (विषयाचा जगाशी संबंध), कागदपत्रं हे सगळं आटोपता आटोपता सरावाला तास उरत नाही. सराव करू नका असं आयबी कुठेच म्हणत नाही, वेळापत्रक म्हणतं.

खडूफळा
मग पालकाला कागदावरचा आयबी काय कामाचा? त्याच्या मुलीला ते वेळापत्रकच भेटणार आहे.

कुतूहलकाकू
आणि घोकंपट्टीच्या शाळेत दशांश चिन्ह चुकवणारी मुलं नसतातच वाटतं? फरक इतकाच की तिथे १५ सेंमीची पट्टीच नसते, मग ५१ चूक आहे हे कळणार कशावरून?

धागाकर्ता
काल तिच्यासमोर फूटपट्टी ठेवली आणि म्हटलं ५१ दाखव. पट्टी ३० लाच संपली. आधी हसली, मग जीभ चावली आणि स्वतःच १५.३ भागिले ३ मांडलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा ५.१ आलं. शाळेला मेल टाकलाय, सी निकषासाठी सराव कधी घेणार म्हणून. उत्तर आलं की इथेच टाकतो.